प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायचा आहे: हाताने फिरणारा की आपोआप फिरणारा?

कृत्तिका
नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी सिंगल स्टेज प्रेसवर ९ एमएमची पिस्तुलाची काडतुसं भरतेय, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (बार पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी घालायची. सुरुवातीला महिन्याला शंभर-दीडशे लागायची, तेव्हा तो विरंगुळा होता. आता सरावाला आठवड्याला ३०० तरी लागतात, वर अधूनमधून .४५ एसीपीची (हीही पिस्तुलाचीच, पण जाड) पन्नासेक. परवा बसून हिशेब केला. साइझिंग (पुंगळी मूळ मापात दाबणं), तोंड फुलवणं, गोळी बसवणं, क्रिंप (तोंड गोळीभोवती आवळणं) असं एका काडतुसाला चार वेळा हँडल ओढायचं, म्हणजे ३०० ला १२०० वेळा. प्रायमर हाताने आणि दारू वेगळ्या मापाने, ते निराळंच. मुलं झोपल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो आणि आठवड्यातल्या पाच रात्री यातच जातात.

म्हणून प्रोग्रेसिव्ह घ्यायचं ठरवलंय. यादीत डिलन ५५०, डिलन ७५० आणि हॉर्नेडी लॉक-एन-लोड एपी आहेत. लीचा सिक्स पॅक प्रोही डोक्यात आहे. ५५० मध्ये शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी गोल चकती) हाताने फिरवावी लागते, बाकीच्यांत ती हँडलबरोबर आपोआप फिरते. जो तो ताशी किती निघतात तेवढंच सांगतो. वेग मला हवाच आहे. पण चार-पाच पुंगळ्यांवर एकदम चार-पाच कामं चालू असताना काही चुकलं, तर ते मला दिसेल का? वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा.

रानवारा
शीर्षक वाचून पुरोगामी वर्तमानपत्रांवर चर्चा असेल म्हणून आलो होतो! आलोच आहे तर विचारतो, प्रोग्रेसिव्ह म्हणजे नेमकं काय?

पितळवेडा
@रानवारा, सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय (पुंगळीवर एक काम करणारा साचा) बसते, त्यामुळे शंभर पुंगळ्यांचं एक काम पुरं करायचं, मग डाय बदलून पुढचं. प्रोग्रेसिव्हमध्ये सगळ्या डाय वर टूलहेडमध्ये गोलाकार बसलेल्या असतात आणि खाली शेलप्लेटवर पुंगळ्या फिरतात. एकदा हँडल ओढलं की पहिल्या पुंगळीचा जुना प्रायमर निघतो, दुसरीत दारू पडते, पुढचीत गोळी बसते, शेवटची क्रिंप होते. प्लेट भरली की हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर.

@कृत्तिका, ५५० घ्या. माझा ११ वर्षांचा आहे. चारच स्टेशनं (प्लेटवरच्या कामाच्या जागा), अंगठ्याने प्लेट फिरवायची, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. तुम्ही फिरवल्याशिवाय काही पुढे सरकत नाही, त्यामुळे काय चाललंय ते कळत राहतं.

खटका
पितळवेडांशी असहमत. "तुम्ही फिरवल्याशिवाय सरकत नाही" हाच तर धोका आहे. फोन वाजला, लक्ष गेलं, प्लेट फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. आपोआप फिरणाऱ्यात पुंगळी पुढे गेलेली असते, विसरण्याचा प्रश्नच नाही. ७५० घ्या.

पितळवेडा
११ वर्षांत एकदाही डबल चार्ज झालेला नाही. प्लेट फिरवणं हाताच्या सवयीचा भाग होतो.

लोहारमामा
दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

सगळं सुरळीत चालू असताना हाताने फिरणाऱ्यात डबल चार्जचा धोका जास्त, हे खटका यांचं म्हणणं मला मान्य. पण सुरळीत चालू असताना अपघात क्वचित होतात. घोटाळा होतो तो मशीन अडकल्यावर. हँडल अर्ध्यावर थांबतं. प्रायमर नीट बसत नाही, किंवा पुंगळीच्या आत दुसरी पुंगळी निघते. माणूस हँडल थोडं मागे घेतो, पुन्हा दाबतो, एखादी पुंगळी काढतो, परत ठेवतो. आता आपोआप फिरणारी प्लेट अर्धीच फिरली असेल, तर कुठल्या पुंगळीत दारू पडली आणि कुठल्या नाही हे कोण सांगणार? ५५० मध्ये अडचण आली तर प्लेट जागच्या जागी राहते. एक पुंगळी काढून बाकीच्या तशाच ठेवता येतात.

म्हणून माझा नियम असा: मशीन अडकलं की दारूच्या स्टेशनवर आणि त्यापुढे असलेल्या, अजून गोळी न बसलेल्या सगळ्या पुंगळ्या बाहेर. त्यांतली दारू हॉपरमध्ये (प्रेसवरच्या दारूच्या डब्यात) परत ओतायची आणि त्या पुंगळ्या पुन्हा दारूच्या स्टेशनपासून घालायच्या. चार पुंगळ्या वाचवायच्या मोहात पडायचं नाही.

आणि कृत्तिकाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर प्रेसच्या नावात सापडणार नाही. गोळी ठेवायच्या आधी पुंगळीच्या आत नजर जाते का, ते बघा. उभे राहून काम करणार की बसून? उंची किती? टूलहेडखाली उजेड पोचतो का? दुकानात गेलात तर हँडल ओढण्याआधी वाकून तिसऱ्या-चौथ्या स्टेशनवरच्या पुंगळीचा तळ दिसतो का ते पाहा. मी टूलहेडच्या मधल्या भोकातून छोटा एलईडी दिवा सोडलाय. प्रेसनंतर सगळ्यांत उपयोगाची वस्तू तीच.

मृगजळ
मामांना दंडवत. दिव्याबद्दल +१.

शांत_चाप
मामांनी लिहिलेलं माझ्या बाबतीत घडलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कुठला प्रेस ते महत्त्वाचं नाही, चूक माझी होती.

एक प्रायमर उलटा बसला होता. ती पुंगळी काढली, तिच्याबरोबर पुढचीही सुटून टेबलावर पडली. पुढची मी तशीच उचलून ठेवली, पण दारूच्या स्टेशनच्या एक घर पुढे. तिच्यातली दारू सांडली होती की आधीपासूनच नव्हती, आजही सांगता येणार नाही. वर गोळी ठेवली, क्रिंप झालं, डब्यात पडली. बाहेरून बाकीच्यांसारखीच दिसत होती.

चार दिवसांनी रेंजवर जलद सराव करत होतो. एक बार 'फट्' असा झाला, झटका जवळजवळ नाहीच. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे आली नाही. जलद सरावात हात आपोआप स्लाइड ओढायला जातो, माझाही गेला. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी आवाज ऐकला होता. ते जोरात ओरडले, "थांब!" मी पिस्तूल खाली ठेवलं. नळी उघडली तर गोळी आतल्या बाजूला दीड इंचावर अडकलेली. नुसत्या प्रायमरच्या जोरावर तिथवर गेली होती. तिच्यामागे पुढची गोळी झाडली असती तर नळी फुगली तरी असती, नाहीतर फुटली असती. पितळेच्या दांड्याने ती ठोकून काढताना माझे हात थरथरत होते.

फुसका बार हा शब्द आपण एरवी फार सहज वापरतो. तेव्हापासून माझ्या तोंडी येत नाही.

घरी आल्यावर त्या दिवशीची उरलेली सगळी, १४० काडतुसं मोडली. सगळ्यांत दारू बरोबर निघाली. तरी एकाही काडतुसाचं वाईट वाटलं नाही.

कृत्तिका
@शांत_चाप, मनापासून आभार. हे लिहिणं सोपं नसणार. रात्री दोनदा वाचलं.

अर्धा_ग्रेन
शांत_चाप यांच्या प्रसंगावरून दारूबद्दल लिहितो. प्रेसच्या चर्चेत हा विषय मागे पडतो आणि तो पडू नये.

पिस्तुलाच्या काडतुसात दारू अगदी थोडी असते. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम आणि ७००० ग्रेनचा एक पाउंड. ९ एमएममध्ये साधारण चार-पाच ग्रेन, म्हणजे चिमटीत मावेल इतकी. दाट दारू घेतली तर पुंगळीचा तळच झाकला जातो आणि दुप्पट पडली तरी वरून पटकन कळत नाही. त्याऐवजी फुगीर, जास्त जागा घेणारी दारू निवडा. बरोबर मापाला पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, दुप्पट पडली तर बाहेर सांडते. सांडलेली दारू कोणालाही दिसते. माप मात्र दारूच्या उत्पादकाने छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचं, सुरुवात कमीत कमी मापापासून. आंतरजालावर कोणी "मी इतकं घालतो" म्हणालं तर ते आकडे उचलायचे नाहीत. या धाग्यावरही कोणी देऊ नयेत ही विनंती.

आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा.

खटका
अर्धा_ग्रेन, पूर्ण सहमत. त्यालाच जोडून: ७५० आणि हॉर्नेडीत पाच स्टेशनं आहेत, म्हणजे दारूच्या पुढचं स्टेशन तपासणीच्या डायला मिळतं. डिलनच्या तपासणीत चूक झाली की बझर वाजतो. हॉर्नेडीच्या पावडर कॉपमध्ये दांडी वर-खाली होते, ती डोळ्यांनी बघायची. आरसीबीएसच्या लॉक-आउट डायमध्ये दारू नसेल किंवा दुप्पट असेल तर हँडलच अडतं. मी हीच वापरतो. बझर एखाद्या वेळी ऐकू येणार नाही, अडलेलं हँडल चुकत नाही.

पितळवेडा
लॉक-आउट डाय ५५० वरही बसते. गोळी बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये घ्यायचं, की तिसरं स्टेशन मोकळं होतं.

अर्धा_ग्रेन
बसते, पण दोन्ही कामं एकत्र केली की क्रिंप होतानाही गोळी सरकत असते. सेटिंग जमवायला वेळ लागतो. वेगळं क्रिंप सुखाचं. आणि कुठलीही तपासणीची डाय थोडी कमी-जास्त दारू पकडत नाही, फक्त नाही किंवा दुप्पट. दर दहा-वीस काडतुसांमागे एक पुंगळी काट्यावर ठेवणं सुटत नाही.

दुर्बीण
मी रायफलवाला, .३०८. माझ्या मते प्रोग्रेसिव्ह हा प्रकारच अचूकतेच्या विरुद्ध आहे. निमुळत्या मानेच्या पुंगळीला साइझ करण्याआधी वंगण लावायचं, साइझ झाल्यावर पुसायचं, लांबी मोजायची, जास्त झाली तर कापायची. हे सगळं मधेच आलं की "एका ओढीला एक काडतूस" कुठे राहिलं?

लोहारमामा
@दुर्बीण, रायफलपुरतं मान्य. बरेच जण दोन फेऱ्या करतात, पहिल्या फेरीत पुंगळी तयार करायची, दुसऱ्या फेरीत भरायची. पण ताईंचा प्रश्न पिस्तुलाचा आहे. सरळ भिंतीच्या पुंगळीला कार्बाइड (अतिकठीण धातूची) डाय असेल तर वंगणाशिवाय चालतं आणि कापाकापी लागत नाही. प्रोग्रेसिव्ह खरा त्यांच्यासाठीच.

(किंचित वंगण लावलं तर हँडल लोण्यासारखं चालतं. खांदा दुखणाऱ्यांनी जरूर लावावं.)

दुर्बीण
मामा, हे मान्य. माझी मतं मानेच्या पुंगळ्यांसाठीच राखून ठेवतो.

संयोजक
एक सूचना. घरी काडतुसं भरण्याबद्दल प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथल्यांसाठीच ही चर्चा. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

मोगरा
मुलं घरात आहेत असं कृत्तिकाताईंनी लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी.

प्रायमर नेहमी मूळ डब्यातच आणि कुलपात. त्यांच्या डब्यात प्रत्येक प्रायमर स्वतंत्र खाचेत असतो तो उगाच नाही. काचेच्या बरणीत ओतून ठेवले आणि एक उडाला तर बाकीचेही उडतात. प्रेसवरच्या नळीत ते एकावर एक रचलेले असतात, म्हणून तिच्याभोवती पोलादी नळी असते. ती कधी काढायची नाही. चष्मा घातल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. माझ्या हाताखाली एक प्रायमर आडवा होऊन उडालाय. बाकी काही झालं नाही, पण कान सुन्न झाले आणि दंडापर्यंत झिणझिण्या आल्या. जोर लागत होता हे हाताला कळत होतं, तरी मी दाबलं. जोर लागला की थांबायचं.

दुसरं शिशाचं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि त्याची राख वापरलेल्या पुंगळीत राहते. कोरड्या टंबलरमधली (पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या यंत्रातली) पूड उघडताना तीच उडते. मी टंबलर घराबाहेर उघडते, नाहीतर पाण्यात स्टीलच्या पिना घालून पुंगळ्या धुते. काम झालं की हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, मगच मुलांना जवळ घ्यायचं.

कृत्तिका
मोगराताई, हात धुण्याचं मी पाळते, टंबलर मात्र घरातच उघडत होते. आजपासून बंद.

.४५ साठीही हाच प्रेस वापरावा का?

मृगजळ
.४५ मध्ये एक गंमत आहे, सांभाळा. या पुंगळ्या दोन प्रकारच्या निघतात. बहुतेकींत मोठा प्रायमर, ५.३ मिमीचा, काहींत छोटा, ४.४५ मिमीचा. ढिगात दोन्ही सारख्याच दिसतात. मोठ्या प्रायमरचं सेटिंग असताना छोट्या खाचेची पुंगळी आली की हँडल थडकतं आणि सगळं रामायण सुरू. मी खिडकीशी बसून प्रत्येक पुंगळी उलटी करून बघते. जुना प्रायमर खाचेत असतानाच बघायचं, फरक लगेच कळतो. २०० पुंगळ्यांना दहा मिनिटं लागतात.

लोहारमामा
अगदी. आणि ९ एमएमच्या ढिगात .३८० एसीपी मिसळलेल्या असतात, त्याही काढा. ९ एमएमची पुंगळी १९.१५ मिमी, .३८० ची १७ मिमीच्या जरा वर. टेबलावर उभ्या केल्या की बुटक्या लगेच उठून दिसतात. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर खाचेची कड दाबून पक्का (क्रिंप) केलेला असतो, नवा प्रायमर त्या कडेवर अडतो. डिलन १०५० आणि ११०० मध्ये ती कड दाबायला स्वतंत्र स्टेशन आहे, तुमच्या यादीतल्या प्रेसमध्ये नाही. अशा पुंगळ्या वेगळ्या काढा.

.४५ ची कधीतरी पन्नास लागत असतील तर प्रोग्रेसिव्हवर करूच नका. कॅलिबर बदलायचं म्हणजे शेलप्लेट, दारूचा फनेल, प्रायमरची नळी, सगळं बदलायचं आणि माप पुन्हा तपासायचं. पन्नास काडतुसं जुन्या सिंगल स्टेजवर तेवढ्या वेळात होतात. तो विकू नका. मोडायची काडतुसं, नव्या दारूचे प्रयोग, सगळं त्यावरच.

खटका
७५० ची शिफारस मी केली, तेव्हा तिची खोडही सांगतो. प्लेट फिरताना शेवटी टक्कन बसते. ९ एमएमची पुंगळी बुटकी, त्यात फुगीर दारू काठाजवळ. त्या धक्क्याने चार दाणे उडतात. ते प्लेटखाली साचले की प्रायमर पुरता बसत नाही, पुंगळीच्या तळाबाहेर राहतो. प्लेटच्या बोल्टखाली छोटं बेअरिंग बसवलं आणि हँडल शेवटच्या दोन इंचांत सावकाश सोडलं की पुष्कळ फरक पडतो. हॉर्नेडीत प्लेट अर्धी वर जाताना आणि अर्धी खाली येताना फिरते, तिथे धक्का कमी.

रानवारा
वर्तमानपत्र वाचायला आलो होतो, अख्खा अभ्यासक्रम वाचून झाला. वाचतोय.

शांत_चाप
@कृत्तिका, तासाभराचा हिशेब: घाई न करता, प्रत्येक पुंगळीत डोकावून, तासाला ३०० आरामात होतात. उत्पादक याहून मोठे आकडे सांगतात. त्यांच्यामागे लागू नका. आठवड्याचा तुमचा कोटा एका रात्रीत होतो, बाकीच्या चार रात्री मोकळ्या.

कृत्तिका
(सहा आठवड्यांनंतर)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. डिलन ७५० घेतला, केस फीडरशिवाय (तो पुंगळ्या आपोआप घालतो). फीडरचा आवाज झोपलेल्या मुलांना चालला नसता, आणि पुंगळी हाताने ठेवताना ती आपसूक बघितली जाते. मला मध्येच उठावं लागतं, धाकटी अजून रात्री जागी होते. उठून आल्यावर प्लेट फिरवली होती की नाही हे आठवत बसायचं नव्हतं, म्हणून आपोआप फिरणारा. पितळवेडा, तुमचा ५५० समोर ठेवून दोन दिवस विचार केला, हे खरं.

तिसऱ्या स्टेशनवर लॉक-आउट डाय आहे. टूलहेडमधून दिवा सोडलाय. मामा, टेबल मुद्दाम चार इंच खाली घेतलं, आता उभं राहून गोळी ठेवताना पुंगळीचा तळ दिसतो. प्रेस अडकला की मोकळ्या पुंगळ्या बाहेर, हा नियम दिव्याखाली कागदावर लिहून चिकटवलाय. उठायचं झालं तर हँडल वर, प्लेटवर काय आहे ते पाटीवर लिहून मगच उठते.

पहिल्या रात्री ५० च केली आणि पन्नासच्या पन्नास पिस्तुलाची नळी काढून तिच्यात टाकून पाहिली. सगळी 'टक्' करून बसली आणि उलटी करताच निसटली. दुसऱ्या आठवड्यात लॉक-आउट डाय एकदा अडली. पुंगळी काढून बघितली तर रिकामी. दारूच्या मापाची पट्टी मागे आलीच नव्हती, लिंकचा नट सैल झाला होता. ती रिकामी पुंगळी खिडकीत ठेवली आहे.

आता एकच अडचण आहे. दर चाळीस-पन्नास काडतुसांमागे एखादा प्रायमर थोडा वर राहतो. बोट फिरवलं की लागतो. प्लेटखाली दारूचे दाणे नाहीत, बघितलं.

खटका
अभिनंदन! प्लेटचा बोल्ट किती घट्ट आहे ते तपासा. सैल असेल तर प्रायमर बसवताना प्लेट उचलली जाते. बोल्ट पूर्ण आवळा, मग प्लेट मोकळी फिरेपर्यंत अगदी थोडा मागे घ्या आणि बाजूचा सेट स्क्रू लावा.

पितळवेडा
अभिनंदन, ताई. आणि प्रायमर बसवताना हँडल पुढे शेवटपर्यंत ढकलून एक क्षण धरून ठेवा. आपोआप फिरणाऱ्यांत हात पुढच्या ओढीसाठी लवकर परततो.

कृत्तिका
@खटका, बोल्ट खरंच सैल होता. आज १०० केली, शंभरावर बोट फिरवलं, एकही वर नाही.